एका चुलीची माणसं

"तुमी एकट्याच ना मॅडम?" दारातल्या मुलीने विचारलं आणि गोदावरीच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. प्रश्नात वावगं काही नव्हतं. मुलगी सरकारी पाहणीची होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, डोक्यावरून घट्ट घेतलेली ओढणी आणि ऑक्टोबरच्या उन्हाने रापलेला चेहरा. नाव तुबा, मूळची अकोल्याची, इथे अमरावतीत खोली घेऊन राहते, हे तिने उंबरठ्याबाहेरच सांगून टाकलं. ती घरखर्च विचारायला आली होती. कोण काय खातं, किती खातं, कशावर पैसे घालतं, असं गावोगावचं आणि शहराशहरातलं गोळा करायचं आणि त्यावरून देशात गरीब किती ते कोणीतरी ठरवायचं. तुबा हे समजावून सांगायला लागली तसं गोदावरीला हसू आलं. हीच पाहणी तिने कॉलेजात तीस वर्षं शिकवली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला 'दारिद्र्य : कारणे आणि मापन, ग्रामीण व नागरी' हे प्रकरण कोणी घ्यायला तयार नसे, म्हणून ते दरवर्षी तिच्याच गळ्यात पडायचं. खेड्यातल्या माणसाला दिवसाला चोवीसशे उष्मांक लागतात, शहरातल्याला एकवीसशे, हे फळ्यावर लिहिलं की वलगावहून सायकलने येणारी पोरं हमखास विचारायची, मॅडम, आमी कॉलेजात आलो की तीनशे कमी होतात का? वर्ग हसायचा, तीही हसायची. पण पाहणीच्या नमुन्यात कधी आपलंच घर निघेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. जन्मभर पेपर तपासणाऱ्याला अचानक परीक्षेला बसवावं तसं तिला झालं.

तिने मुलीला आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. मग समोर बसून, मेथीची पानं खुडत, आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाली, "एकटी नाही. चौघं आहोत आम्ही."

तुबाचं बोट काचेवर थांबलं. "चौघं? यादीत तर एकच लागलं हाय मॅडम. त्या दिवशी मी घरं मोजाले आली होती, तवा तुमी बाहेर गेल्या होत्या. वरच्या ताईनं सांगतलं मले, खाली एक, वर तीन."

"यादी चुकली असेल."

"चुकते कदी कदी," तुबा समजूतदारपणे म्हणाली. "मंग जेवन एका ठिकानीच होते ना तुमचं? चूल एकच?"

"एकच," गोदावरी म्हणाली आणि तिचे कान तापले.

कुटुंब म्हणजे काय, हे तिला या मुलीने विचारायला नको होतं. रक्ताचं नातं नाही, एक छप्पर नाही, एक आडनाव नाही. एका चुलीवर शिजलेलं जी माणसं खातात ती एक कुटुंब. व्याख्येखाली दोन रेघा मारायला ती पोरांना सांगायची. आणि साईनगरातल्या या तिच्या घरात, नवऱ्याने वकिली करून बांधलेल्या घरात, चुली दोन होत्या, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. वर स्वानंद, त्याची बायको जुईली आणि सात वर्षांचा सोहम यांचा ओटा, खाली तिची शेगडी. दोन वर्षांपूर्वी तिनेच ते वेगळं केलं होतं. भांडण झालं नव्हतं, झालं असतं तर बरं झालं असतं. तिला संध्याकाळी सातला जेवायची सवय, वरच्यांचं ताट दहाला वाढलं जायचं. तिला भाजीला लसणाचा ठेचा हवा, सोहमला तिखट लागायचं. नवरा होता तोवर तो दोन्हीकडचा मान राखून असायचा. तो गेला आणि एका रात्री जेवताना ती बोलून गेली, "माझं मी खाली वेगळंच करत जाते. सगळ्यांनाच सुटसुटीत." हे बोलताना तिची अशी खात्री होती की आता स्वानंद घास खाली ठेवेल. म्हणेल, काहीतरीच काय आई. जुईली म्हणेल, लोक काय म्हणतील आम्हाला. मग ती थोडे आढेवेढे घेईल, आणि सातच्या ऐवजी आठला जेवायचं ठरेल. तिला एवढंच हवं होतं, एक तास. स्वानंद म्हणाला, "चालेल ना. तुला बरं पडेल." दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून येतानाच विजेची शेगडी घेऊन आला, चांगल्या कंपनीची, पाच वर्षांच्या हमीची. लेकाने इतक्या तत्परतेने तिच्यासाठी दुसरं काही आणल्याचं तिला आठवत नव्हतं.

"चौघं म्हंजे तुमी, तुमचा मुलगा, सून, आन् नातू," तुबाने बोटं काचेवर नाचवली. "चालते. मंग आता सांगा, महिन्याले तांदूळ किती लागतो सगळ्याइले?"

गोदावरीने हातातली मेथी सुपात ठेवली. वर भात किती शिजतो? सोहम अजून दूध पितो का त्याने सोडलं? सकाळी ते पोहे करतात की ते पाकिटातलं खातात, दुधात टाकून? जिन्यावरून वास यायचे, त्यांवरून तिने अंदाज बांधले होते, पण अंदाज म्हणजे माहिती नव्हे, हेही तिनेच शिकवलेलं. आपल्याच डोक्यावर, एका स्लॅबच्या अंतरावर राहणारी माणसं काय खातात ते तिला ठाऊक नव्हतं. "लिही, दहा किलो," ती म्हणाली. तूरडाळ तीन. तेल... तेल पाच. आकडे तोंडातून सुटत होते आणि प्रत्येकागणिक तिला जास्तच लाज वाटत होती. गंमत म्हणजे खोटं बोलायची ही विद्या तिला वारशाने मिळालेली होती. फक्त तिच्या बापाने ती उलट्या दिशेने वापरली होती.

बार्शीटाकळीला तिचे वडील एका देवळात पूजा करायचे, आणि सत्यनारायण, वास्तुशांत असं जे मिळेल त्यावर घर चालायचं. धाकटा भाऊ, उद्धवकाका, अकोला रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. त्याचा पगार आणि वडिलांची दक्षिणा एका डब्यात पडायची, आणि आई नि काकू एका चुलीवर सगळ्यांचं रांधायच्या. ददात होती, पण भाकर कधी मोजून वाढली गेली नाही. गोदावरी सतराची असेल, तेव्हा गावात गरिबांची यादी करायला माणूस येणार अशी वार्ता आली. यादीत नाव लागलं की बाईच्या नावाने शिलाई मशीन मिळणार होतं. आईला शिवणाची फार हौस. पण काकाचा पगार घरात धरला की घर काही यादीत बसेना. तेव्हा वडिलांनी तोडगा काढला. काका वेगळा राहतो असं सांगायचं. वेगळा राहतो म्हणजे चूल वेगळी. आदल्या दिवशी पडवीत तीन विटा मांडल्या, वरून माती लिंपली, आणि जुनी दिसावी म्हणून आईनेच तिच्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्या जाळून ती काळी केली. सगळ्यांना खूप मजा वाटली होती. देवळातला माणूस खोटं कसं बोलणार म्हणून वडिलांनी सकाळी गणपतीपुढे कान धरले, त्यावर तर काकू हसून हसून लोळली.

माणूस आला. "चुली किती म्हाराज?" त्याने विचारलं. "दोन," वडील म्हणाले. "मले दावा." पडवीत काकूने चूल पेटवूनच ठेवली होती, त्यावर चहा उकळत होता. तिने माणसाला चहा दिला. तो पिऊन म्हणाला, "काय झकास चहा केला वहिनी!" गोदावरीला काकूचा त्या वेळचा चेहरा अजून दिसत होता. अकरा वर्षं ती आईच्या हाताखाली रांधत आली होती. मीठ आईने घालायचं, फोडणी आईने द्यायची. तिच्या चहाला कोणी चांगलं म्हणण्याचा सवालच आला नव्हता, कारण तो तिचा चहाच नसायचा. माणूस गेल्यावर आई म्हणाली, "उचला आता त्या विटा." वडील म्हणाले, "राहू दे चार दिवस. फेरतपासणीले आला तर?" त्या चार दिवसांत काकूने पडवीतल्या चुलीवर कळण्याची, उडीद-ज्वारीची भाकर केली, अंबाडीची भाजी केली, लसूण घालून, तिला आवडायची तशी. मशीन आलं. चार दिवसांचे चार महिने झाले आणि पडवीतल्या चुलीला कोणी हात लावला नाही.

तरी घर तोवर एकच होतं. वाट्या इकडून तिकडे जायच्या, तिकडून इकडे यायच्या. वरण संपलं की काकूने आतलं न्यायचं, भाजी उरली की आत द्यायची. उष्टं भांडं ज्या मोरीत जागा असेल त्या मोरीत पडायचं. मग होळीला आईने पुरणाची वाटी पडवीत पाठवली, आणि संध्याकाळी ती परत आली. घासलेली, पुसलेली, आणि तिच्यात गुळाचा खडा. आई वाटी हातात घेऊन उंबऱ्यावरच बसली. गोदावरीला काही कळेना. "काय झालं आई? गूळच आहे." आईने गुळाचा खडा उचलून पाहिला. मग म्हणाली, "रिकामी वाटी शेजारच्याले परत देत नाईत, गोदे. घरच्याले कोन गूळ घालून देते?"

पुढे जिनिंग बंद पडलं. आता काकाच्या घरात खरंच काही येत नव्हतं, पण सरकारच्या लेखी तो पगारदार होता, त्याची वेगळी चूल होती आणि ती गरिबांच्या यादीत बसत नव्हती. फेरयादी कधी झाली नाही. एका चुलीवर तेच सरपण सगळ्यांना पुरत होतं, आता दोन्हीकडे कमी पडू लागलं. काका बिऱ्हाड घेऊन अकोल्याला गेला, कापडाच्या दुकानात लागला, जुन्या शहरात एक खोली. गरिबीची कारणं शिकवताना गोदावरी पोरांना दुष्काळ सांगायची, बेकारी सांगायची, जमिनीचे तुकडे सांगायची. पडवीतल्या तीन विटा तिने कधी सांगितल्या नाहीत. गरिबी मोजायला आलेल्या माणसापुढे गरीब दिसावं म्हणून केलेल्या नाटकाने एक घर गरीब झालं, हे कुठल्या प्रकरणात घालायचं ते तिला समजलं नव्हतं. अकोल्याला शिकत असताना ती रविवारी काकूकडे जायची. काकू तोवर वाळून गेली होती. एकदा भाकर थापताना पाहून गोदावरीने विचारलंच, "काकू, काम झाल्यावर तू ती चूल मोडली का नाहीस गं?" काकूचे हात थांबले नाहीत. "मी कायले मोडू? मी वाट पाहून राहिली होती ना बाई. मले वाटे, वहिनी आज म्हनतील, उद्या म्हनतील, पुरे झालं नाटक, चाल आत. कोनी म्हनलंच नाई." भाकर तव्यावर टाकून ती पाणी फिरवायला लागली. गोदावरीला ठाऊक होतं की तिकडे आईसुद्धा वाटच बघत बसली आहे, काकू आपणहून आत येईल म्हणून. ती हे काकूला बोलली नाही. आता बोलून काय उपयोग, असं तिला वाटलं, आणि दोघी मेल्या तरी कोणी कोणाला बोललं नाही.

"मॅडम, तेल पाच किलो लिवू का पाच लिटर?" तुबा विचारत होती. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि जुईली आत आली. रविवार होता, बँकेला सुट्टी, केस धुऊन मोकळे सोडलेले. "अय्या, तुम्ही परत आलात का? आई, तुमची वाटी द्यायची राहिली होती कालची. अंबाडी मस्त झाली होती हं." तिने टेबलावर वाटी ठेवली. गोदावरीच्या लग्नातली वाटी, काठाला तिचं नाव कोरलेली. घासलेली, पुसलेली, आणि आत शेवयांची खीर, वर दोन बेदाणे. "रिकामी कशी द्यायची म्हणून थोडी खीर घातलीय."

तुबाने वाटीकडे पाहिलं, मग जुईलीकडे. ती अकोल्याचीच पोर. गल्लीत वाट्या कशा फिरतात ते तिला कोणी शिकवायला नको होतं. तरी तिने नियमाप्रमाणे विचारलं, "ताई, तुमचं अन् मॅडमचं जेवन एकत्रच आहे ना?"

"नाही हो," जुईली सहज म्हणाली. "आमचं वर वेगळं. आईंचं खाली. आईंनाच तसं बरं पडतं. त्या दिवशी सांगितलं होतं ना मी तुम्हाला?" तिच्या बोलण्यात कपट नव्हतं, टोमणा नव्हता. खरं होतं ते तिने सांगितलं. सोहमचं गणित घ्यायचंय म्हणून ती आली तशी वर गेली.

तुबा खाली मान घालून काचेवर काहीतरी करत होती, बहुधा गोदावरीला सावरायला वेळ देत होती. "एक लिही," गोदावरी म्हणाली. "आधीचं सगळं खोड."

"नाई मॅडम, खोडाचं काई नाई, नवीन उघडते मी," तुबा म्हणाली. आणि मग एका माणसाचे प्रश्न सुरू झाले. त्यांची उत्तरं मात्र गोदावरीला पाठ होती. तांदूळ दोन किलो. दूध अर्धा लिटर. औषधं, वीज, फोन. घरात फ्रीज, कपडे धुवायचं यंत्र, कपाट. "महिन्याभरात कोनी पाहुनं जेवून गेलं का?" "नाही." "तुमी कोनाकडे जेवल्या?" "नाही." तुबाने 'नाई' असं पुटपुटत दोनदा बोट टेकवलं. शेवटी तिने काच खाली ठेवली आणि वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाली, "मॅडम, असंच सांगते, तुमचा माणशी खर्च वरच्याइपेक्षा जास्त येईन पाहा. एकट्या माणसाचा येतेच."

हेही गोदावरी शिकवायची. एकट्याचा दिवा, एकट्याचं दूध, एकट्याचा फ्रीज. माणशी भागायला दुसरं माणूसच नाही म्हणून खर्च फुगतो. या घरात सगळ्यात श्रीमंत तीच ठरणार होती, आणि या विचाराने तिला खरोखरच हसू फुटलं, इतकं की तुबाही काही न समजता हसली. "जेवून जा," गोदावरी म्हणाली. "मेथी टाकते आत्ता." तिला ही पोर आत्ता जायला नको होती. "नको मॅडम, रोजा नाई काई, पन अजून तीन घरं हायेत," तुबा म्हणाली. "आन् जेवली तरी आजचं धरता येत नाई. कालपर्यंतचंच लिवतो आमी." ती पायात चप्पल घालून निघाली. फाटकाशी जाऊन परत वळली, काहीतरी सुचावं म्हणून थांबली, आणि नुसतंच म्हणाली, "खीर खाऊन घ्या मॅडम. गार होऊन राहिली."

गोदावरीने खीर खाल्ली. चांगली होती, वेलची जरा जास्त. सूर्य कलला, मेथी तशीच सुपात सुकत होती. ती शेगडी न लावता बसून राहिली. वाटीच्या कडेला खिरीची साय वाळत चालली होती, कोरलेल्या नावाच्या अक्षरांत एक शेवई अडकली होती. उठावं, वाटी विसळावी, पालथी घालावी. रोज तेच करायची. आज तिला वाटलं, कोणीतरी आधी म्हणायला हवं. काकूने म्हटलं नाही, आईने म्हटलं नाही, आणि तिनेही दोन वर्षं म्हटलं नाही. तोंडाने म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं, ते तिला माहीत होतं. पण वाटी नेता येईल. उष्टी, न घासलेली, रिकामी. बार्शीटाकळीला घर एक होतं तेव्हा जशी जायची तशी. ती न्यायची आणि त्यांच्या मोरीत, त्यांच्या उष्ट्या भांड्यांत टाकायची. बस, इतकंच. ती उठली. जिन्याशी आल्यावर तिला स्वतःचं हसू आलं, की बाई, पासष्टीची झालीस आणि एक खरकटी वाटी घेऊन जिना चढायला भितेस.

वर जुईली ओट्याशी कणीक मळत होती. आतल्या खोलीत सोहम पाढे म्हणत होता आणि स्वानंद फोनवर कोणाशी तरी बोलत होता. सिंकमध्ये दुपारची भांडी होती, ताटं, दुधाचं पातेलं, सोहमचा प्लॅस्टिकचा कप. गोदावरीने वाटी त्यांच्यात ठेवली. स्टीलवर स्टील वाजलं. तिला वाटलं, झालं, म्हटलं मी. ती तिथेच ओट्याला हात टेकून उभी राहिली. जुईलीने वळून आधी सिंककडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिच्या कपाळाला आठी पडली, काळजीची.

"आई, खाली पाणी गेलं का?"

"नाही," गोदावरी म्हणाली.

"मग? बरं वाटत नाही का तुम्हाला?" जुईलीने कणकेच्या हाताच्या मनगटाने तिचं कपाळ चाचपलं. ताप नव्हता. "तसं असेल तर भांडी राहू देत जा. मी घासून देत जाईन." गोदावरीला म्हणायचं होतं, घासून देऊ नकोस, राहू दे ती तिथेच, तुमच्यात. शब्द जिभेवर आले होते. पण जुईलीने तोवर हात धुतले होते, भांड्यांतून नेमकी तेवढी वाटी उचलली होती, भराभर घासली, नळाखाली धरली, स्वच्छ फडक्याने आतून बाहेरून पुसली. काठावरचं नाव लखलखायला लागलं. ती वाटी गोदावरीच्या हातात देणार, तेवढ्यात थांबली. "अगं बाई, रिकामीच देत होते," असं म्हणून तिने डबा उघडला, चिमूटभर साखर वाटीत टाकली आणि मायेने हसून वाटी पुढे केली.

गोदावरीने ती दोन्ही हातांनी घेतली. जिन्यातला दिवा लावायचा राहिला होता. साखर सांडू नये म्हणून ती एकेक पायरी पायाने चाचपत खाली उतरली.